एकशे वीस अंशांची वही

ऑडिटला अकरा दिवस उरले होते आणि यादीतल्या दोनशे चौदा मुद्द्यांपैकी दोनशे तेरा मुद्द्यांपुढे लिओन्सिओ बारियेन्तोसने स्वतःच्या हाताने हिरवी खूण केली होती. राहिला होता एक. तोही काय, तर एक वही. एका वहीपायी माणसाची झोप उडते यावर त्याचा तेव्हा विश्वास नव्हता.

लिओन्सिओ सांता रुफिना बंदरातल्या जहाज-दुरुस्तीच्या गोदीत गुणवत्ता अधिकारी होता. गोदीत सगळे त्याला 'इंजिनियर' म्हणत. तो इंजिनियर नव्हता. पण पेरूच्या त्या किनाऱ्यावर डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि खिशात दोन पेनं असली की माणूस इंजिनियर होतो, आणि लिओन्सिओच्या खिशात तीन होती. या पदवीला त्याने कधी हरकत घेतली नाही, फक्त ती आपल्याला शोभावी म्हणून तो सगळ्या गोष्टी लेखी करायचा. गोदीत साधा खिळा घ्यायचा तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, हा नियम त्याचाच. तो लिहून काढायला त्याला दोन महिने लागले होते आणि त्याचा त्याला आपल्या मुलीइतकाच अभिमान होता.

तर ती वही. वेल्डिंगच्या कांड्या समुद्राची दमट हवा पितात. ओल्या कांडीने जोडलेल्या सांध्यात बुडबुडे राहतात, आणि बोटीच्या तळाला बुडबुडे परवडत नाहीत. म्हणून कांड्या एका लोखंडी ओव्हनमध्ये एकशे वीस अंशांच्या आसपास तापवत ठेवायच्या, दिवसातून दोनदा ओव्हनच्या दारावरची सुई बघायची आणि आकडा वहीत लिहायचा. मागच्या ऑडिटरने जाताना बजावलं होतं की पुढच्या वर्षी ही वही दिसली नाही तर सर्टिफिकेट विसरा. सर्टिफिकेट गेलं की मोठ्या कंपन्यांच्या मासेमारी बोटी गोदीत येणार नाहीत, आणि बोटी आल्या नाहीत तर बासष्ट माणसं घरी बसणार. त्यांतला एक लिओन्सिओ. म्हणून जानेवारीतच त्याने हिरव्या पाठीची कोरी वही ओव्हनशेजारी सुतळीने टांगली होती. पेनसुद्धा सुतळीने बांधलं होतं, कारण तो आपल्या लोकांना ओळखून होता.

ऑक्टोबरअखेर त्याने ती उघडली. पहिले नऊ दिवस आकडे होते. दहाव्या दिवशी लिहिलं होतं, 'आज चष्मा घरी राहिला.' मग फुटबॉलचे निकाल, कोणाच्या तरी बायकोने सांगितलेली भाजीची यादी, आणि एका हेल्मेटवाल्या माणसाचं चित्र. त्याचं नाक पान ओलांडून पुढच्या पानावर गेलं होतं. खिशातल्या तीन पेनांवरून लिओन्सिओने स्वतःला ओळखलं. मार्चच्या पुढची पानंच नव्हती.

"माएस्त्रो, पानं कुठं गेली?" त्याने मुख्य वेल्डर सातुर्निनोला विचारलं. हा माणूस चाळीस वर्षं लोखंड जोडत होता आणि कोणालाच भीत नव्हता.

"चांगल्या कामाला गेली, इंजिनियर."

"कुठल्या?"

"विचारू नका. संडासातला कागद मागवायला तुमची तीन कोटेशनं लागतात. तोवर माणसाने काय करावं?"

लिओन्सिओने ठरवलं की वही नव्याने तयार करायची. फक्त एक वही, त्यात काय एवढं? पण तशी हिरव्या पाठीची वही गावात मिळेना. खरेदीच्या नियमाने मागवली असती तर ती नाताळात आली असती. शेवटी तो पदरमोड करून बसने दोन तासांवरच्या शहरात गेला. तिथला दुकानदार म्हणाला, डझनाशिवाय देत नाही. लिओन्सिओ बारा वह्या मांडीवर घेऊन परतला, आणि शेजारच्या सीटवरच्या बाईने तो शाळामास्तर आहे असं समजून आपल्या नातवाच्या गणिताबद्दल वाटभर त्याचा सल्ला घेतला. मग प्रत्येक पानावर गोदीचा गोल शिक्का हवा. शिक्का हिशेबनीसबाईंच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली त्यांच्या पर्समध्ये आणि पर्ससकट बाई डोंगरातल्या गावी, कोणाच्या तरी बारशाला. शिक्का हाती येईपर्यंत पाच दिवस गेले.

एव्हाना ऑडिटचा ताप सगळ्या गोदीला चढला होता. जमिनीवर पिवळ्या रेषा मारल्या. रंग ओला असताना एक पेलिकन त्या रेषांवरून सावकाश चालत गेला आणि थेट मालकांच्या दारापर्यंत पिवळी पावलं उमटवून आला. 'गोदीतली एकही वस्तू लेबलाशिवाय दिसता कामा नये,' अशी लिओन्सिओने लेखी सूचना काढली होती. पोरांनी ती इतकी मनावर घेतली की फाटकाजवळच्या देव्हाऱ्यातल्या, कोळ्यांचे रक्षणकर्ते असलेल्या संत पेद्रोच्या मूर्तीवरही हिरवं लेबल लागलं. त्यावर लिहिलं होतं, 'तपासले. वापरण्यास योग्य.'

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लिओन्सिओने घरच्या टेबलावर वही उघडली. बायको नोएमी मदतीला होती. आणि न बोलावता शेजारचे दॉन तेओबाल्दो आले. ते कस्टम खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे डोंगरातले. तीस वर्षं लोकांचे कागद तपासल्यामुळे खोटा कागद कसा नसावा याचं त्यांना सखोल ज्ञान होतं.

"सगळीकडे एकशे वीस?" पहिल्या पानावर नजर टाकून ते ओरडले. "लिओन्सिओ, पोरा, तुला तुरुंगात जायचंय का? एकशे अठरा लिही, एकशे तेवीस लिही. सुई म्हणजे जिवंत गोष्ट आहे. आणि पेन बदल! दहा महिने एकच पेन कोणाचं टिकतं? माझ्या हयातीत मी एकही माणूस तसा बघितला नाही."

"माझ्याकडे तीन आहेत," लिओन्सिओ जरा दुखावून म्हणाला.

"आणि डाग कुठायत? कामगाराच्या वहीला डाग हवेत." दॉन तेओबाल्दोंनी हातातला एमोलिएन्तेचा पेला, म्हणजे औषधी पाल्याचा तो मध घातलेला गरम काढा, मे महिन्यावर मनापासून कलंडवला. जूनची पानं चुरगळून पुन्हा इस्त्रीखाली घातली. मग ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून तारखा सांगू लागले. लिमाच्या एका औषधवाल्याने फुकट वाटलेलं ते कॅलेंडर होतं. लाल तारखा आणि रविवार ते कटाक्षाने गाळत होते.

"गाळा, गाळा," लिओन्सिओ म्हणत होता. "सुट्टीच्या दिवशीची नोंद दिसली की ऑडिटर तिथेच पकडतात."

नोएमी बराच वेळ आकडे लिहीत होती. तिचं अक्षर फार सुंदर, म्हणून तिला डाव्या हाताने लिहायला लावलं होतं. सप्टेंबरपाशी तिने पेन खाली ठेवलं.

"एक विचारू? एवढ्या मेहनतीत रोज जाऊन सुई बघितली असतीस तर?"

"नोएमी, आता ऑक्टोबर आहे."

"मला माहितीये कुठला महिना आहे ते. हात माझा दुखतोय."

गुरुवारी ऑडिटर आल्या. इंजिनियर फेलिसा ओयोला. या मात्र खऱ्याखुऱ्या इंजिनियर. बारीक चणीच्या, साठीकडे झुकलेल्या, स्वतःचं पाणी स्वतःच्या बाटलीतून पिणाऱ्या. अशा माणसाला काही खाऊपिऊ घालता येत नाही, म्हणून ती फार धोक्याची. त्या संत पेद्रोंपुढे क्षणभर थांबल्या, लेबल वाचलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि पुढे गेल्या.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी वही मागितली.

"छान ठेवलीये," पानं उलटत त्या म्हणाल्या. मे महिन्यापाशी त्यांनी वही नाकाजवळ नेली. "याला मधाचा वास येतोय."

"पोरं काम करता करता एमोलिएन्ते पितात, इंजिनियरबाई. कितीदा सांगितलं!"

त्यांची नजर भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे गेली. त्यात संत पेद्रोची पालखी गोदीत आली होती आणि पुढच्या दांड्याला खांदा देऊन, हेल्मेट काढून, डोळे पुसत लिओन्सिओ उभा होता.

"हे तुम्हीच ना?"

"मीच!" लिओन्सिओ खुलला. ऑडिटचं दडपण क्षणात उतरलं. "एकोणतीस जूनला, सणाच्या दिवशी, संत बोटीतून समुद्रावर जातात ना, ते तर सगळ्याच बंदरांत. पण आमच्याकडे ते परत आल्यावर तीन दिवस एकेका गोदीत मुक्कामाला असतात. पहिला मान आमचा, तीस तारखेचा."

"आणि कामं?"

"कसली कामं! ते तीन दिवस सबंध बंदरात आग पेटवायची नाही. वेल्डिंग नाही, भट्टी नाही, सिगारेटसुद्धा नाही. संतांना धूर चालत नाही. आम्ही तर मेन स्विचच काढून कपाटात ठेवतो. माझ्या आजोबांच्या काळापासून!"

फेलिसाबाईंनी वहीवर बोट ठेवलं. "तीस जून. सकाळी दहा वाजता, एकशे एकोणीस अंश. सही तुमची."

औषधवाल्याच्या कॅलेंडरवर फक्त एकोणतीस तारीख लाल होती. डोंगरातल्या दॉन तेओबाल्दोंना पुढचं ठाऊक नव्हतं. आणि ज्याने संतांना खांद्यावर वाहिलं होतं, तो ती तारीख लिहिताना चौथं पेन शोधत होता.

"म्हणजे संत आवारात असताना ओव्हन चालू होता," बाई शांतपणे म्हणाल्या.

हे वाक्य दाराबाहेर गेलं. दाराबाहेर सातुर्निनो आणि निम्मी गोदी कान देऊन उभी होती.

"कोण म्हणतं?" सातुर्निनो आत घुसला. "कोण म्हणतं ओव्हन चालू होता? माझा ओव्हन? त्या दिवशी?"

"आमची पोरंबाळं समुद्रावर जातात, बाई!" मागून कोणीतरी ओरडलं. "आम्ही असलं पाप करू?"

"स्विच मी काढला होता, या हातांनी!"

"कोणी पेटवलं सांगा, आत्ता बघतो त्याला!"

एकेकाचा आवाज चढत गेला. सर्टिफिकेट, मालक, नोकरी, सगळं ते विसरले. समोर प्रश्न एकच होता, संतांचा अपमान झाला की नाही. आणि बासष्ट माणसांच्या इभ्रतीविरुद्ध पुरावा एकच होता, लिओन्सिओची सही.

त्याला सुटायला वाट होती. कोणा एकाचं नाव घ्यायचं, एखादी चुकून झालेली नोंद म्हणायचं. पण समोर सातुर्निनो उभा होता. गेल्या वर्षी त्याचा भाऊ समुद्रातून परत आला नव्हता. लिओन्सिओने खिशातली तिन्ही पेनं काढली आणि टेबलावर ठेवली.

"कोणी पेटवलं नाही," तो म्हणाला. "वही खोटी आहे. मी रविवारी घरी बसून लिहिली. खरी वही भरलीच गेली नाही, आणि मी दहा महिने जाऊन बघितलं नाही. यांचा यात काही दोष नाही."

लिओन्सिओला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं होईल, निदान पिवळ्या रेषेच्या आत.

"मग खरे आकडे कुणाकडेच नाहीत?" फेलिसाबाईंनी विचारलं.

"आहेत की," गर्दीच्या मागून आवाज आला. "मला कोणी विचारलंच नाही."

ती एर्मेलिंदा होती, सगळे तिला मानाने 'दोन्या' म्हणत. फाटकाशी हातगाडीवर हुमिता विकणारी. ओल्या मक्याची गोडसर उंडी मक्याच्याच पानात बांधून उकडलेली. आणि इतकी वर्षं गोदीतले सगळे जिची सकाळी दहाची गरमगरम हुमिता खात होते, ती कुठे गरम होते हा प्रश्न गुणवत्ता अधिकाऱ्याला एकदाही पडला नव्हता. ती कांड्यांच्या ओव्हनच्या खालच्या कप्प्यात गरम होत होती.

"सकाळी आठला ठेवते, दहाला काढते," ती सांगू लागली. "शंभराच्या खाली सुई असली की थंड राहतात, एकशे तीसच्या वर गेली की पान जळतं. आणि हे मेले माझ्याशी भांडतात, काल थंड होत्या, परवा थंड होत्या. म्हणून मी लिहून ठेवते. लिहिलेलं असलं की कोणाची बोलायची टाप नाही."

तिने हातातल्या हुमितांच्या पेटीतून चौकोनांची शाळकरी वही काढली. दिवसातून दोन आकडे, चार वर्षांचे. फेलिसाबाईंनी तीस जून उघडला. तिथे लिहिलं होतं, 'ओव्हन बंद. हुमिता थंड. कोणी भांडलं नाही. संत आलेत.'

सातुर्निनोने हेल्मेट काढून छातीशी धरलं. फेलिसाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं आणि मागची पानं उलटली. एप्रिलपाशी त्या थांबल्या. आठ तारखेपासून एकोणीसपर्यंत सुई सत्तरच्या वर चढलीच नव्हती. 'आजही थंड,' असं रोज लिहिलेलं.

"एप्रिलमध्ये काय झालं होतं?"

"ओव्हनची एक कॉइल जळली होती," सातुर्निनो हळूच म्हणाला. "नवी यायला दोन आठवडे लागले." त्याने लिओन्सिओकडे बघायचं टाळलं. "तीन कोटेशनं."

"त्या दोन आठवड्यांत कुठली बोट होती?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. 'पासिएन्सिया.' तिच्या तळाचे पत्रे तेव्हाच जोडले होते. मग तिचं इंजिन कस्टममध्ये अडकलं, म्हणून ती सहा महिने धक्क्याला बांधून होती. इंजिन आता बसवून झालं होतं. सोमवारी हंगाम उघडणार आणि ती अकरा माणसं घेऊन निघणार होती.

"मी बोट पाण्याबाहेर काढायला सांगू शकत नाही," फेलिसाबाई म्हणाल्या. "मी फक्त लिहिते."

आपण दोन महिने बसून लिहिलेल्या त्या सुंदर नियमाने हे केलं, हे लिओन्सिओला अगदी स्वच्छ दिसलं. त्याने मालकांना फोन लावला. मालक हंगामाच्या तोंडावर काय बोलले ते लेखी करण्यासारखं नाही. लिओन्सिओने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मी परवानगी मागत नाहीये. बोट वर ओढतोय." एवढ्या वर्षांत कुठल्याही कोटेशनशिवाय घेतलेला हा त्याचा पहिलाच निर्णय.

संध्याकाळच्या भरतीला पासिएन्सिया घसरपट्टीवर, म्हणजे बोटी ओढून घ्यायच्या उतारावर, आली. तपासणीचं यंत्र लावलं. इंजिनाखालच्या सांध्यात हातभर लांबीत नुसती जाळी होती, पावाच्या आत असते तशी. सातुर्निनोने छिन्नी लावून एक ठोका दिला तसा तुकडा निघून त्याच्या पायाशी पडला. तो तिथेच उकिडवा बसला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असा सांधा कधी गेला नव्हता. लिओन्सिओ त्याच्याशेजारी जाऊन बसला. दोघांपैकी कोणीही एकमेकांना दोष दिला नाही, आणि याबद्दल लिओन्सिओ आजही त्याचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी फेलिसाबाईंनी अहवाल वाचून दाखवला. वही खोटी हा मोठा दोष, कांड्यांच्या ओव्हनमध्ये खाद्यपदार्थ हा दुसरा, ओव्हनच्या दुरुस्तीला तीन कोटेशनं हा तिसरा. नव्वद दिवसांत सुधारणा. तोवर सर्टिफिकेट कायम.

"कायम?" लिओन्सिओला खरं वाटेना.

"त्या वहीसाठी मी ते कालच काढून घेणार होते," त्या म्हणाल्या. "पण स्वतःहून बोट वर ओढणारी गोदी मला रोज भेटत नाही. आणि हे बघा, बारियेन्तोस, नोंदी कशा ठेवायच्या ते त्या हुमितावाल्या बाईंकडून शिका."

इतकं बोलून त्यांनी पेन बंद केलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "एखादी शिल्लक आहे का हो?"

सोमवारी सगळ्या बोटी गेल्या, पासिएन्सिया गेली नाही. सकाळी तिचा तांडेल सिप्रियानो आपली दहा माणसं घेऊन लिओन्सिओच्या ऑफिसात आला. हंगामाचा पहिला दिवस बुडाला म्हणून हे मारायला आलेत असंच लिओन्सिओला वाटलं आणि तो उभा राहिला. पण त्यांनी एकेकाने पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला. त्यांतल्या एकाला गेल्याच महिन्यात मुलगी झाली होती. त्याने हात जरा जास्तच वेळ धरला.

लिओन्सिओला ते सोसवेना. ज्या हाताने खोटे आकडे लिहिले तो हात हे लोक धरत होते. "माझे नका आभार मानू," तो म्हणाला, आणि अकराच्या अकरा जणांना घेऊन फाटकाशी गेला, दोन्याच्या गाडीपुढे रांगेत उभं केलं.

दोन्या भांडी आवरत होती. तिने मान वर करून रांगेकडे बघितलं, आणि हे सगळे खायला आलेत असं तिला वाटलं.

"संपलं रे बाबांनो," ती म्हणाली. "आज सगळं संपलं. उद्या या."

सिप्रियानोने टोपी काढली.

"येऊ, दोन्या," तो म्हणाला. "उद्या सगळे येऊ."

"अकरा जण?"

"अकराही."

"मग लवकर या," दोन्या म्हणाली आणि झाकण लावायला वळली. लिओन्सिओ फाटकाच्या खांबाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने डोळे मनसोक्त वाहू दिले.